फक्कीच्या रेघेपासून पश्चिम विभागापर्यंत

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे ड्रॉ लागतात, तेव्हा कबड्डी आणि क्रिकेटचे कागद फलकावर लांबच लांब उतरतात. मुलींच्या बास्केटबॉलचा कागद एका नजरेत मावतो. बीड जिल्ह्याच्या माणसाने त्या कागदावर आधी एकच गोष्ट शोधावी: आपल्या अकरा तालुक्यांतल्या किती कॉलेजांनी मुलींचा संघ उतरवला आहे? निकालाचं नंतर बघू. संघ उतरला, हीच इथली पहिली बातमी असते.

या छोट्या कागदाची वंशावळ सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती सुरू होते कॉलेजच्या मुलींपासूनच. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीत छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ बेतला. सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि त्यात फुटबॉल टाकायचा, एवढंच. जवळच्याच नॉर्थॅम्प्टन गावात स्मिथ कॉलेज होतं, मुलींचं. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या बाई सेंडा बेरेन्सन यांनी तो लगेच उचलला आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना लावला. पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली समोरासमोर आल्या आणि स्टॅनफर्डने सामना २-१ असा जिंकला. ही छपाईची चूक नाही, बास्केटबॉलचाच स्कोअर आहे. तिथेही पुरुषांना प्रवेश नव्हता.

बेरेन्सनबाईंनी मुलींसाठी नियम सौम्य केले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या भागात उभी आहेस त्याच भागात राहायचं, असं ठरवलं. मुली दमतील, धसमुसळेपणा होईल, ही काळजी. या काळजीचं शेपूट फार लांब निघालं. अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींना पाच-पाच जणींनी पूर्ण मैदानभर धावायची मुभा मिळायला १९७१ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी तिथे 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला खेळातही मुलींना डावलता येईना. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल आला. पुरुषांचा १९३६ पासूनच होता. १९८२ मध्ये अमेरिकेच्या एनसीएए या संघटनेने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तिथे शेजारपाजारच्या विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मोसम संपला की प्रत्येक कॉन्फरन्सची आपली अजिंक्यपद स्पर्धा भरते आणि ती जिंकणाऱ्या कॉलेजला राष्ट्रीय स्पर्धेत थेट जागा मिळते. मार्चच्या त्या आठवड्यात तिथली गावंच्या गावं टीव्हीपुढे बसतात.

आपल्याकडे खेळ रुजवला तोही वायएमसीएनेच. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत नागपाड्याने हा खेळ गल्लीतल्या पोरांचा केला. इकडे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं होतं. लेझीम-मल्लखांबाच्या जोडीने तिथे शारीरिक शिक्षणाचे पदवीधर तयार होऊ लागले. मराठवाड्यातल्या कॉलेजांत ज्यांना मुलं 'स्पोर्ट्सचे सर' म्हणतात, त्यांच्यातल्या कित्येकांनी मैदान आखायची पहिली शिकवणी तिथेच घेतली.

बीडपर्यंत यायला मात्र खेळाला विद्यापीठ लागलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणाची सूत्रं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं; एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. त्यानंतरच्या दशकांत बीडचं बलभीम, अंबाजोगाईचं योगेश्वरी, परळीचं वैद्यनाथ अशी कॉलेजं एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली आली आणि कॉलेजाने कॉलेजाशी खेळायचं, हा रिवाज पडला. या रिवाजाला आपण संस्था म्हणत नाही, कारण त्याला ना इमारत, ना पाटी, ना सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. पण दरवर्षी नेमाने भरणारी, ठरलेल्या नियमांनी चालणारी आणि माणसं घडवणारी गोष्ट संस्था नाही तर काय?

१९९४ मध्ये या स्पर्धेचा भूगोल बदलला. १४ जानेवारीला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, त्यामागच्या सोळा-सतरा वर्षांच्या लढ्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि लातूर, नांदेड, परभणी तिकडे गेले. जुन्या विद्यापीठाकडे उरले औरंगाबाद, जालना, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या नावांनी छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. अंबाजोगाईहून लातूर जवळच, पण त्या दोन गावांच्या कॉलेजच्या मुली विद्यापीठाच्या मैदानावर आता प्रतिस्पर्धी म्हणूनही भेटत नाहीत. भेटायचंच तर दोघींनी आधी आपापल्या विद्यापीठाच्या संघात यायचं आणि मग पश्चिम विभागात.

ही शिडी नीट समजून घ्यायला हवी, कारण अमेरिकेच्या कॉन्फरन्सपेक्षा ती मुळातच वेगळी आहे. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकणारं कॉलेज पुढे जात नाही. करंडक घेऊन ते घरी येतं. पुढे जातो तो विद्यापीठाचा संघ, आणि तो निवडला जातो सगळ्या कॉलेजांतून, हरलेल्यांतूनही. सामने चालू असताना निवड समिती बाजूला बसून टिपणं काढत असते. मग निवडलेल्या मुलींचं सराव शिबिर लागतं, तिथे एक प्रशिक्षक आणि एक व्यवस्थापक नेमतात, विद्यापीठाचा ट्रॅकसूट मिळतो आणि बारा जणी भारतीय विश्वविद्यालय संघाच्या, म्हणजे एआययूच्या, पश्चिम विभागीय स्पर्धेला निघतात. या विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली विद्यापीठं. पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत, आणि तिथे चांगला क्रमांक लागला तर २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत. ज्या मुली विद्यापीठाकडून खेळल्या, त्या 'कलर होल्डर'. मराठवाड्यात ही पदवी बायोडेटावर बी.ए.च्या वर लिहिणारी माणसं आहेत, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

परवा जिने रिबाउंडला कोपर मारला, तिच्याच शेजारच्या कॉटवर शिबिरात झोपायचं, तिलाच पास द्यायचा. हरलेल्या कॉलेजातली एकटी गुणी मुलगी या पद्धतीत वाया जात नाही. छोट्या गावच्या मुलीसाठी ही पद्धत अमेरिकेपेक्षा उदार आहे, असं माझं मत आहे. अट एकच: तिच्या कॉलेजने संघ उतरवलेला असला पाहिजे.

आणि घोडं पेंड खातं ते तिथेच. तालुक्याच्या ठिकाणचं एखादं कॉलेज घ्या. मागच्या बाजूला मैदान आहे. त्यावर एका टोकाला लोखंडी खांबावर बोर्ड, बोर्डाला रिंग, रिंगला जाळी कधी असते कधी नसते. जाळी नसली की चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर वाद होतात. सकाळी शिपाईमामा पाण्याचा पाइप फिरवून धूळ बसवतात, सर दोरी धरतात आणि फक्कीने रेघा मारतात: लांबी २८ मीटर, रुंदी १५. फ्री थ्रोची रेघ मारेपर्यंत बाजूची रेघ चपलांनी पुसलेली असते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच हवी. खांब गाडताना वीतभर इकडेतिकडे झालेलं असतं आणि मुलींचा हात त्या चुकीच्या उंचीला सरावतो. मग विद्यापीठाच्या पक्क्या कोर्टवर गेल्यावर पहिला क्वार्टर नेम बसवण्यातच जातो. चेंडू मुलींसाठी सहा नंबरचा असतो, मुलांच्या सातपेक्षा लहान आणि हलका. कपाटात बऱ्याचदा सातच नंबरचा सापडतो.

संघ कसा जमतो, तेही सांगण्यासारखं आहे. शाळेत बास्केटबॉल खेळून आलेली एखादी मिळाली तर नशीब. बाकीच्या कबड्डीतल्या, खो-खोतल्या, एखादी उंच म्हणून वर्गातून बोलावून आणलेली. नियमाने बारा जणी नेता येतात, प्रत्यक्षात सात-आठ जमतात. एकेकीच्या कागदपत्रांची जुळवाजुळव: बारावीची गुणपत्रिका, जन्मतारखेचा दाखला, पात्रता अर्जावर प्राचार्यांची सही. मग घरची परवानगी. ती कागदावर नसते, पण सगळ्यात अवघड तीच. सरांनी वडिलांना फोन करायचा, सोबत मॅडम आहेत का हे वडिलांनी विचारायचं, मुक्काम कुठे हे आईने विचारायचं. 'एकच दिवसाचं आहे' म्हणून निघालेला संघ जिंकत गेला की मुक्काम वाढतो आणि फोन पुन्हा सुरू होतात. जिंकण्याची अडचण होणारे संघ मी फक्त इथेच पाहिलेत.

सात जणींच्या संघाचं गणित मैदानावर फार क्रूर असतं. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. कबड्डीतून आलेल्या मुलीला समोरच्या मुलीला धरायची सवय. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तिचे चार फाउल झालेले असतात. दुसरीचा घोटा मुरगळतो. तिसरीचा श्वास पुरत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर चौघीच उरल्याचं दृश्यही दिसतं, आणि नियमाला ते चालतं. एखाद्या संघाच्या दोनपेक्षा कमी खेळाडू मैदानावर उरल्या तरच सामना संपतो. चौघी पाच जणींविरुद्ध झोन डिफेन्स लावतात, हरतात, आणि पंचांशी हात मिळवून बॅगा भरतात. संध्याकाळची एसटी गाठायची असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, त्याचा मुलींच्या संघांच्या प्रवासखर्चाला फार मोठा हातभार लागला, हे कुठल्या अहवालात आलेलं मी वाचलं नाही.

सात-आठच जणी का जमतात, हे समजायला आता एक आकडा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. त्याआधीच्या, २००१ च्या जनगणनेत तोच आकडा ८९४ होता. २०१२ मध्ये परळीतलं बेकायदा गर्भलिंगनिदान आणि गर्भपाताचं प्रकरण देशभर गाजलं आणि जिल्ह्याचं नाव जिथे तिथे या एका कारणाने घेतलं जाऊ लागलं. हा तोच जिल्हा, ज्याने केशरबाई क्षीरसागर यांना १९८०, १९८४ आणि १९९१ अशी तीनदा लोकसभेत पाठवलं, १९९६ मध्ये रजनी पाटील यांना, २०१४ आणि २०१९ मध्ये प्रीतम मुंडे यांना. बाईला दिल्लीला पाठवायला इथल्या माणसाची ना नव्हती. घरात जन्माला येऊ द्यायला होती. बीडमध्ये केशरबाई काकूंच्या नावाचं मोठं कॉलेज आहे, आणि परळीत लक्ष्मीबाई देशमुख यांच्या नावाने खास मुलींचं कॉलेज आहे.

२०११ मध्ये शून्य ते सहा वर्षांच्या असलेल्या त्या मुली आज कुठे आहेत? त्यांतल्या वयाने मोठ्या असलेल्या कॉलेजात आहेत. आज सात जणी जमवताना जी ओढाताण होते, तिच्यामागे मैदान, चेंडू, परवानगी ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण असं की या वयाच्या मुली मुळातच कमी आहेत. ड्रॉच्या कागदावर हे दिसत नाही.

ज्या आहेत, त्यांच्यासाठीही वेळापत्रक वैरी आहे. एआययूच्या स्पर्धेला खेळाडूचं वय १७ ते २५ लागतं. बीडमध्ये लग्नाची बोलणी नेमकी याच वयात चालतात, आणि पुष्कळदा त्याआधीच उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, जिल्ह्यातल्या विशीतल्या तरुण स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दुसरा वैरी ऊस. दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आंतरमहाविद्यालयीन आणि पश्चिम विभागीय सामने याच महिन्यांत. आई-वडील फडात, म्हातारी आजी आणि धाकटी भावंडं गावात, आणि घर सांभाळायला कोण, तर कॉलेजात जाणारी मोठी मुलगी. तिला सरांनी मुक्कामी सामन्याला चल म्हणायचं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना शासनाने आणली, ती याच कारणासाठी महत्त्वाची: धाकट्यांची सोय झाली की थोरलीच्या पायातली बेडी सैल होते.

मग बीडला खेळ येत नाही का? येतो की. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकला जाऊन आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि चषक उचलणारी कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची केज तालुक्यातली. मात्र दोघांची वाट जिल्ह्याबाहेरून गेली. साबळे सैन्यात जाऊन धावपटू झाला, प्रियंका पुण्याकडे वाढली आणि तिथेच खेळली. बीडचं रक्त चांगलं आहे, बीडचं मैदान अजून कसोटीला उतरलेलं नाही, असा याचा सरळ अर्थ.

खो-खोला दोन खांब आणि माती पुरते. बास्केटबॉलला सिमेंट, बोर्ड, रिंग आणि चेंडू विकत घ्यावे लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत रिंग नसते, म्हणून मुलगी हा खेळ बघते ती थेट सतराव्या वर्षी. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण तिच्या गावात हा खेळ जिवंत ठेवणारे क्लब आणि कोर्टं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केज-धारूरच्या मुलीला तेवढ्या वर्षांची उधारी तीन वर्षांच्या पदवीत फेडायची असते. विद्यापीठाची स्पर्धा ही तिच्यासाठी शिडीची वरची पायरी नसून पहिलीच पायरी आहे. म्हणून या स्पर्धेची वाटचाल विजेत्यांच्या यादीने मोजू नये असं मला वाटतं. किती तालुक्यांतून, किती कॉलेजांनी, किती वर्षं सलग संघ उतरवला, त्याने मोजावी.

जमेच्या बाजूलाही काही आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाला क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ दिलं. खेळ हा आता कुलगुरूंच्या मर्जीचा विषय राहिलेला नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि 'खेळून काय मिळणार' या वडिलांच्या प्रश्नाला सरांकडे आता निदान एक उत्तर असतं. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. तिची वाट पाहण्यात तीन दशकं गेली. पुण्या-मुंबईच्या स्पर्धांना निघालेल्या मुलींना निदान रात्रीच्या एसटीला दुसरा पर्याय मिळण्याची आशा आहे.

खर्चाचा बाऊ फार होतो. एक कोर्ट सिमेंटचं करायला पैसे लागतात, मान्य. ते जिल्हा नियोजन समितीने आणि आमदारांनी बघावं. पण सहा नंबरचे दोन चेंडू, रिंगच्या दोन जाळ्या आणि खांब टेपने मोजून योग्य उंचीवर पुन्हा गाडणं, एवढं कुठल्याही कॉलेजच्या जिमखाना शुल्कातून होतं. ते शुल्क मुलीही भरतात.

जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना म्हणून एवढीच विनंती. प्रवेश आटोपले की क्रीडा विभागाकडून प्रवेशिका येईल, तेव्हा मुलींच्या बास्केटबॉलपुढचा रकाना रिकामा सोडू नका. बारा नावं जमत नसतील तर सात भरा. सामना सुरू करायला नियमाने पाचच लागतात.